चाकाचा व्यास आणि गाडीची उंची

धान्य पिकविणें शेतकऱ्याच्या हातीं असे. परंतु तें आगगाडीच्या स्टेशनापर्यंत नेणें सर्वस्वीं पावसाच्या मर्जीवर असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून हीच स्थिति होती. १९०४ सालीं तेथील सरकारच्या रस्तेविषयक कचेरीनें देशांतील ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. तींत सुमारें साडेएकवीस लक्ष मैलांचे रस्ते भरले; पण खडी वगैरे घालून सुधारलेले रस्ते त्यांपैकीं शेंकडा सातच निघाले. उरलेले रस्ते म्हणजे घोड्यांच्या टापांनीं व लांकडी चाकांच्या लोखंडी धांवांनीं कोरलेल्या चाकोऱ्या होत. उन्हाळ्यांत त्या दगडासारख्या टणक होत आणि ओल्या हंगामांत गाडीला आंसापर्यंत गिळून टाकीत. आज अमेरिकेच्या गुळगुळीत हमरस्त्यांवरून ज्या अजस्र ‘पिकअप’ मोटारी धांवतात, ज्यांचें बॉनेट उभ्या माणसाच्या छातीस भिडतें आणि ज्यांत शिरण्यास पायरीचा आधार घ्यावा लागतो, त्यांच्या उंचीचा उगम या चिखलांत आहे. ही उंची प्रथम कोणाच्या गरजेंतून आली, ती वाढत कशी गेली आणि तिची किंमत आज कोण चुकवितो, हा इतिहास मनोरंजक तर आहेच; पण विचार करावयास लावणाराहि आहे.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून १९०८ च्या ऑक्टोबरांत जी ‘मॉडेल टी’ मोटार बाहेर पडली, तिचीं सारीं मापें जणूं या चाकोऱ्यांना विचारूनच ठरविलीं होतीं. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमध्यें १०० इंचांचें अंतर होतें. डाव्या व उजव्या चाकांमध्यें ५६ इंचांचें अंतर होतें. कारण घोडागाड्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्यांची रुंदी तितकी असे. दक्षिणेकडील संस्थानांत चाकोऱ्या अधिक रुंद, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकांस ६० इंच रुंदीची गाडी मिळण्याची सोय कांहीं वर्षें ठेवलेली होती. चाकांचा बाहेरील व्यास ३० इंच होता, आणि गाडीच्या पोटाखालीं सुमारें १० इंच मोकळी जागा राहत असे. मधला उंचवटा पोटास लागूं नये आणि चाकांनीं तळ गांठला तरी गाडी अडूं नये, एवढाच त्या उंचीचा हेतु होता. तींत मिरविण्यासारखें कांहीं नव्हतें. बैलगाडीचें चाक मोठें कां असतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास मॉडेल टीच्या उंचीचें निराळें स्पष्टीकरण नको.

या मोटारीचा शेतकऱ्यांनीं केलेला उपयोग कारखानदारांच्या कल्पनेपलीकडचा होता. गाडीचा मागचा भाग कापून तेथें लांकडी पेटी बसवावी आणि तींत धान्याचीं पोतीं, दुधाचे डबे वा डुकरांचीं पिलें घालून बाजार गांठावा, असा क्रम गांवोगांव सुरू झाला. १९१७ सालीं फोर्ड कंपनीनें एक टन ओझ्याचा ‘मॉडेल टीटी’ नांवाचा लांब सांगाडा विक्रीस काढला. पण त्यावरची पेटी व बैठक गिऱ्हाइकानें दुसरीकडून करवून घ्यावी लागे. अखेरीस १९२५ च्या एप्रिलांत पोलादी पेटीसह तयार मोटार कारखान्यांतूनच मिळूं लागली. ‘पिकअप’ हें नांव तिला कंपनीनेंच दिलें होतें. तिची पेटी ५६ इंच लांब व १३ इंच खोल होती, आणि किंमत होती २८१ डॉलर. पहिल्याच वर्षीं अशा सुमारें चौतीस हजार गाड्या निघाल्या. आज ज्या मोटारीस घरांतल्या चार खोल्यांइतके पैसे मोजावे लागतात, तिचा जन्म असा गोठ्याच्या दाराशीं झाला.

पुढें अर्धटनी, पाऊणटनी व एकटनी अशा तीन पायऱ्या रूढ झाल्या. गाडींत निर्धास्तपणें किती ओझें घालावें, याचे ते आंकडे होते. कालांतरानें एंजिनें वाढलीं, सांगाडे जाड झाले. पण जुनीं नांवें तशींच राहिलीं. फोर्ड कंपनीनें १९४८ सालीं एफ-१, एफ-२, एफ-३ अशी मालिका काढली आणि १९५३ सालीं तिला एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० हे आंकडे दिले. यांतील एफ-२५० ही पाऊणटनी गाडी. आजची याच नांवाची गाडी पाऊण टनाच्या दुपटीहून अधिक ओझें सहज वाहते; तरी लोक तिला पाऊणटनीच म्हणतात. शेराचें माप नाहींसें झालें तरी ‘सव्वाशेर’ हा शब्द जसा टिकला, तशीच ही गोष्ट.

उंचीच्या वाढीचें पहिलें मोठें कारण म्हणजे चारहि चाकांस मिळालेली शक्ति. त्या काळच्या साध्या मोटारींत एंजिनाची शक्ति मागच्या दोनच चाकांस मिळे. पुढचीं चाकें केवळ वळण्याच्या कामाचीं. मागचीं चाकें चिखलांत फिरूं लागलीं कीं गाडी जागच्या जागीं रुतते. यावर उपाय म्हणून केनोशा येथील जेफ्री कंपनीनें १९१३ सालीं चारहि चाकांनीं ओढणारी ‘क्वाड’ नांवाची मालमोटार काढली. पहिल्या महायुद्धांत तिचा उपयोगहि झाला. इंडियानापोलिस येथें १९३१ सालीं स्थापन झालेल्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीनें १९३५ पासून फोर्डच्या मालमोटारी घेऊन त्यांस चारहि चाकांची शक्ति जोडून देण्याचा उद्योग आरंभिला. पण पुढच्या चाकांस शक्ति द्यावयाची म्हणजे पुढच्या आंसाच्या मधोमध दांतचक्रांचा एक मोठा पोलादी गोळा आला. तो गोळा खड्ड्यांत वरखालीं होतांना वरच्या एंजिनावर आपटतां कामा नये. म्हणून एंजिन, सांगाडा आणि त्याबरोबर सारी गाडीच वर उचलावी लागली. या वेळचीहि उंची गरजेचीच होती. मात्र आतां ती रस्त्याची नसून यंत्राची गरज होती.

दुसऱ्या महायुद्धानें या उंचीची परीक्षा घेतली, आणि तिचा निकाल अनपेक्षित लागला. डॉज कंपनीनें १९४१ सालीं अमेरिकन सैन्यास अर्धटनी गाड्या पुरविल्या. त्यांच्या आंसांमधील अंतर ११६ इंच होतें, आणि रचना बरीचशी मुलकी मालमोटारीसारखी उंच व अरुंद होती. अनुभवांती सैन्यास ती पुरेशी वाटली नाहीं. उंच गाडी शत्रूस दुरून दिसते आणि उतारावर आडवी चालतांना कलंडण्याची भीति असते. १९४२ सालीं डॉजनें जी पाऊणटनी गाडी दिली, तींत आंसांमधील अंतर ९८ इंचांवर आणलें, चाकांमधील रुंदी वाढवून पावणेपासष्ट इंच केली, अंग खालीं घेतलें आणि टायर मात्र मोठे घातले. त्या टायरांचा बाहेरील व्यास सुमारें पस्तीस इंच होता. गाडी बुटकी, चाक मोठें आणि चाकोरी रुंद, असा तो मेळ होता. जिला खरोखर डोंगर चढावयाचा होता व दलदल ओलांडावयाची होती, तिनें उंची सोडून रुंदी पत्करली, ही गोष्ट पुढील इतिहास समजण्यास फार उपयोगी आहे.

युद्ध संपलें आणि सैनिक घरीं परतले. युद्धांत ज्या गाडीनें साथ दिली तशी गाडी शेतावर असावी, ही त्यांची मागणी ओळखून डॉजनें १९४६ सालीं ‘पॉवर वॅगन’ विक्रीस काढली. ती एकटनी होती. आंसांमधील अंतर १२६ इंच, पेटी आठ फुटी, एंजिन ९४ अश्वशक्तीचें, आणि टायर लष्करी गाडीच्याच मापाचे. जंगलखात्याचे लोक, तारा ओढणारे, तेलविहिरींवरचे कामगार आणि डोंगराळ मुलखांतील शेतकरी यांनीं ती उचलून धरली. अमेरिकेंत ती १९६८ पर्यंत फारसें रूप न पालटतां विकली जात होती. डॉज हें नांव मुंबईच्या जुन्या रहिवाशांसहि अपरिचित नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें क्रायस्लर कंपनीशीं करार करून कुर्ला येथें १९४७ पासून डॉज वगैरे नांवांच्या गाड्या तयार करण्यास आरंभ केला होता.

याच सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांचें भाग्य उजळलें. १९५६ च्या कायद्यानें एकेचाळीस हजार मैलांच्या राष्ट्रीय हमरस्त्यांची योजना मंजूर झाली. चिखल गेला, चाकोऱ्या बुजल्या. तेव्हां गाडीनें खालीं यावें हें ओघानेंच आलें. आरंभीं तसें झालेंहि. १९५७ सालीं फोर्डनें ‘रँचेरो’ नांवाची, अंगानें घरगुती मोटारीसारखी व मागें पेटी असलेली ठेंगणी गाडी काढली. परंतु दुसऱ्या बाजूस चार चाकांच्या शक्तीची हौसहि वाढत होती. १९५९ सालीं फोर्डनें अशी पिकअप आपल्याच कारखान्यांत बनविण्यास सुरुवात केली. पूर्वीं जी सोय शेतकऱ्यास स्वतंत्र पैसे देऊन बाहेरून करून घ्यावी लागे, ती आतां शहरांतील कोणाहि गिऱ्हाइकास दुकानांत मिळूं लागली. कामाचें हत्यार हौसेचें साधन होण्याचा तो काळ होता.

१९६७ च्या नोव्हेंबरांत मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पांत वाळवंटांतील मोटारशर्यत प्रथम भरली, आणि रस्ता सोडून मोटार हांकण्याच्या खेळास प्रतिष्ठा आली. लहानमोठ्या कारखान्यांनीं आहे ती गाडी उंच करण्याचे संच बनविण्यास आरंभ केला. ज्यास तिकडे ‘लिफ्ट किट’ म्हणतात तो हा संच. अधिक लांब स्प्रिंगा, अधिक वांकाचे पोलादी पाटे, आंस व पाटे यांमध्यें घालावयाचे ठोकळे, लांब धक्काशामक नळकांडीं आणि सांधे जुळविण्याच्या पट्ट्या हें सर्व एका पेटींत मिळूं लागलें.

या हौसेची परिसीमा मिसूरी संस्थानांतील बॉब चँडलर यांच्या गाडींत दिसते. १९७४ च्या एफ-२५० या गाडीस त्यांनीं मोठे टायर घातले. मोठ्या टायरांचा भार न सोसून आंस मोडूं लागले, म्हणून लष्करी मालमोटारींचे जाड आंस बसविले. जाड आंसांना अधिक जागा लागली, म्हणून गाडी आणखी उंच केली. गाडी उंच झाल्यावर आणखी मोठे टायर बसूं शकले. ‘बिगफूट’ या नांवानें ती प्रसिद्धीस आली. अठ्ठेचाळीस इंची टायर गेले, सहासष्ट इंची आले, आणि १९८६ च्या सुमारास याच नांवाच्या पांचव्या गाडीस दहा फूट व्यासाचे टायर चढले. लष्करानें बर्फाळ प्रदेशासाठीं १९५० च्या दशकांत बांधविलेल्या एका प्रचंड वाहनाचे ते टायर होते. प्रेक्षकांच्या गर्दींत जुन्या मोटारी चिरडणें हें अशा गाड्यांचें काम झालें. तमाशा म्हणून तें ठीकच होतें. परंतु आंस मोडण्यापासून दहा फुटी टायरापर्यंत जी सांखळी येथें दिसली, तीच लहान प्रमाणांत घरगुती गाडीलाहि लागू आहे.

ही सांखळी नीट उलगडून पाहण्यासारखी आहे. पूर्वीं ‘३० × ३½’ असें टायरचें माप देत. पहिला आंकडा बाहेरच्या व्यासाचा आणि दुसरा रुंदीचा. १९२३ सालीं फायरस्टोन कंपनीनें कमी दाबाचे फुगीर टायर आणले आणि हळूहळू मापें सांगण्याची रीतहि पालटली. आजच्या जड पिकअपवर २७५/७०आर१८ असें माप आढळतें. यांत २७५ ही मिलिमीटरांतील रुंदी, ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा सत्तर, आणि १८ हा लोखंडी कड्याचा इंचांतील व्यास. हिशेब केला असतां एका बाजूची उंची १९२.५ मिलिमीटर येते. तिची दुप्पट करून कड्याचे ४५७.२ मिलिमीटर मिळविले कीं एकंदर व्यास सुमारें ८४२ मिलिमीटर, म्हणजे ३३.२ इंच होतो.

आतां एखाद्या हौशी गृहस्थानें याच्या जागीं ३७ इंची टायर घातला असें समजावें. व्यास ३.८ इंचांनीं वाढला; पण आंस चाकाच्या मध्यावर असल्यामुळें तो केवळ १.९ इंचांनींच वर आला. एकसंध आंसाच्या गाडींत दगडास प्रथम लागतो तो आंसाच्या मध्यावरील गोळा. गाडी संचानें सहा इंच उचलली तरी हा गोळा जागचा हलत नाहीं. कारण संच सांगाडा उचलतो, आंस नव्हे. आंस उचलण्याची किमया एकट्या टायराकडे आहे. संचाचें खरें काम एवढेंच, कीं मोठ्या टायरास वळतांना व धक्का खातांना वावरण्यास जागा मिळावी. जड फोर्ड गाडीवर पस्तीस इंची टायर थोड्या फेरफारानें बसतात, सदतीस इंचींस साधारणतः अडीच इंच उंची लागते आणि चाळीस इंचींस सहा इंचांच्या आसपास. म्हणजे सहा इंचांची उंची वाढविणाऱ्याच्या पदरीं आंसाखालीं साडेतीन इंच पडतात. हा हिशेब न मांडतां पुष्कळांनीं उंचीलाच सामर्थ्य मानलें आहे.

त्या साडेतीन इंचांसाठीं द्यावी लागणारी किंमतहि मोजली पाहिजे. सदतीस इंची टायर एका फेऱ्यांत अधिक अंतर कापतो. म्हणून वेगमापक ६० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत सुमारें ६७ मैलांच्या वेगानें जात असते. मूळचें दांतचक्रांचें प्रमाण ३.७३ असेल तर त्याचा परिणाम ३.३५ इतकाच उरतो. गाडी चढावर दमते, आणि पूर्वीचा जोम परत आणावयाचा तर ४.१० प्रमाणाचीं चक्रें बसवावीं लागतात. टायर जड झाला कीं ब्रेकना तो थांबविण्यास अधिक श्रम पडतात. आश्चर्याची गोष्ट ही, कीं मोठा टायर नेहमींच अधिक ओझें वाहतो असेंहि नाहीं. वर सांगितलेल्या २७५/७०आर१८ मापाच्या जड टायरची शक्ति एकेकीं १६५० किलोपर्यंत असते, तर ३५ इंची व साडेबारा इंच रुंदीच्या एका प्रचलित टायरची १४५० किलोच असते. मागच्या दोन चाकांवर मिळून चारशें किलोंची तूट आली! गाडी दिसावयास बलाढ्य झाली आणि ओझें वाहावयास दुबळी झाली.

पुढच्या आंसाची गोष्ट याहून नाजूक आहे. एकसंध आंस जागच्या जागीं राहावा म्हणून सांगाड्याच्या एका बाजूपासून आंसाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत एक तिरकी सळई असते. सांगाडा उचलला कीं ही सळई अधिक उभी होते आणि आंस एका बाजूस ओढला जातो. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित् तिरपा असतो व त्यामुळें चाक आपोआप सरळ होऊं पाहतें, तसाच कोन मोटारीच्या पुढच्या चाकांसहि दिलेला असतो. गाडी उचलतांना आंस किंचित् फिरून हा कोन कमी होतो, आणि गाडी सरळ रस्त्यावरहि इकडेतिकडे भरकटूं लागते. सांधे झिजलेले असतील तर एखाद्या खळग्यानें पुढचीं चाकें अशीं थरथरूं लागतात, कीं हांकणाऱ्याच्या हातांतील चक्र आवरत नाहीं. कुशल कारागीर या सर्व गोष्टी हिशेबांत घेऊन सळया, कोन, दांतचक्रें आणि वेगमापक बदलतो. अर्धवट कारागीर दोन ठोकळे घालून मोकळा होतो. अपघात मात्र दोघांच्या गाड्या सारख्याच वेगानें धांवत असतांना होतात.

आणि या सर्वांहून मोठा प्रश्न तोलाचा. गाडी कलंडण्याची भीति मोजण्याचें एक सोपें गणित आहे : चाकांमधील रुंदीच्या निमपटीस गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. भागाकार जितका मोठा तितकी गाडी स्थिर. घरगुती ठेंगण्या मोटारींत तो सुमारें १.३ ते १.५ असतो, पिकअप व तत्सम उंच गाड्यांत १.० ते १.३. अमेरिकन सरकारचें वाहनसुरक्षा खातें २००१ सालच्या गाड्यांपासून या गणिताच्या आधारें नव्या गाड्यांस तारे देऊं लागलें. समजा, एखाद्या पिकअपची रुंदी ६८ इंच व गुरुत्वमध्य ३० इंचांवर आहे, भागाकार १.१३ येतो. तिची रुंदी न वाढवितां गुरुत्वमध्य पांच इंच वर नेला तर तोच भागाकार ०.९७ होतो. डॉजच्या रचनाकारांनीं १९४२ सालीं अंग खालीं घेऊन रुंदी कां वाढविली, तें या दोन आंकड्यांत आलें. रुंदीलाहि मर्यादा आहेच. अमेरिकेंत ८० इंच व त्याहून रुंद वाहनास जादा दिवे लावावे लागतात. तेथील रस्त्यांची आंखणीहि तशीच. तेव्हां वाढ होण्यास मोकळी दिशा उरली ती वरची.

कायद्यानें या वरच्या दिशेसहि कुंपण घालण्याचा प्रयत्न केला. परंतु तो संस्थानागणिक निराळा झाला. कॅलिफोर्नियांत वाहनाच्या वजनमर्यादेप्रमाणें सांगाड्याची उंची ठरविलेली असून ७५०१ ते १०००० पौंडांच्या वर्गास ती ३१ इंच आहे. नॉर्थ कॅरोलायनांत पुढचा भाग उंच व मागचा खालीं अशा गाड्यांचें वेड पसरलें होतें. अशा गाडींत बसणाऱ्याची दृष्टि आकाशाकडे लागते आणि समोरचा रस्ता बॉनेटाआड जातो. म्हणून २०२१ सालीं त्या संस्थानानें पुढचा पंखा मागच्यापेक्षां चार इंच वा अधिक उंच करण्यास बंदी घातली. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम या बाबतींत अधिक कडक आहे. कारखानदारानें नोंदविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार मालकास करतां येत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत दिला.

परंतु कायद्याचें कुंपण मालकानें केलेल्या फेरफारास असतें. कारखानाच जेव्हां गाडी उंच करून देतो तेव्हां तें फारसें उपयोगी पडत नाहीं. २०१७ सालच्या एफ-२५० गाडीच्या बॉनेटाची पुढची कड जमिनीपासून ५५ इंचांवर होती; म्हणजे कांहीं घरगुती मोटारींच्या छपराइतकी. २०२० सालापासून फोर्डनें आपल्या जड पिकअपचा ‘ट्रेमर’ नांवाचा प्रकार काढला. त्यास पस्तीस इंची टायर कारखान्यांतच बसवून मिळूं लागले. हा जवळजवळ तोच व्यास, जो १९४२ च्या लष्करी डॉजला होता. चाक एवढ्या काळानंतर पुन्हां तेथेंच आलें. मात्र त्यावरचें शरीर अगदींच निराळें झालें. लष्करी गाडीचें नाक खालीं व उतरतें होतें आणि वरची कांच पुढें पाडून ठेवतां येत असे. आजच्या गाडीचें नाक भिंतीसारखें उभें आहे.

त्या भिंतीसमोर कोण उभें असतें, याचा विचार या इतिहासांत फार उशिरां आला. ठेंगणी मोटार माणसास धडकली तर आघात पायांवर होतो, आणि माणूस बॉनेटावर फेंकला जातो. उंच व उभें नाक छातीवर, आणि मूल असेल तर डोक्यावर, आदळतें. माणूस वर जाण्याऐवजीं खालीं ढकलला जातो. अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं चालविलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं ज्या गाड्यांचें बॉनेट ४० इंचांहून उंच, त्यांच्या धडकेंत पादचारी मरण्याचा संभव ३० इंच वा कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांहून शेंकडा सुमारें ४५ नें अधिक असतो. त्या देशांत २००९ सालीं ४,१०९ पादचारी रस्त्यांवर मृत्यु पावले. २०२२ सालीं हा आंकडा साडेसात हजारांवर गेला. याचीं कारणें अनेक आहेत. वेग, अंधार आणि रस्त्यांची रचना यांचाहि त्यांत वांटा आहे. पण गाडीची उंची हें त्यांपैकीं एक कारण आहे, हें आतां मोजून सिद्ध झालें आहे.

जुन्या गाडीच्या उंचीची किंमत मालक स्वतः देत असे. उंच पेटींत पोतें चढवितांना त्याचीच पाठ दुखे, आणि उतारावर गाडी कलंडली तर त्याचाच हात मोडे. गरजेपुरतीच उंची ठेवण्यास त्यास दुसऱ्या कोणीं शिकवावें लागलें नाहीं. आतां त्या किंमतीचा मोठा हिस्सा रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाकडे गेला आहे, आणि गाडी विकत घेतांना त्याला कोणी विचारीत नाहीं. खाणीच्या वाटेवर, बर्फांत, धरणाच्या कामावर वा जंगलांत उंच गाडीचें काम आजहि खरेंच आहे. तेथें तिला बोल लावण्याचें कारण नाहीं. जेथें चाकोरीच उरली नाहीं तेथें तिचें काय प्रयोजन, एवढाच प्रश्न आहे. मॉडेल टीचे दहा इंच चिखलानें ठरविले होते आणि लष्करी डॉजची रुंदी डोंगरउतारानें. आजच्या बॉनेटाचे पंचावन्न इंच कोणत्या रस्त्यानें ठरविले, याचें उत्तर त्या गुळगुळीत हमरस्त्यावर कोठेंहि सांपडत नाहीं.